बहुपदीची बाकी आणि बहुपदीचे अवयव: पायरीपायरीने समजून घेताना

नववीच्या बीजगणितात बहुपदींचा भागाकार, शेष सिद्धांत, अवयव सिद्धांत आणि अवयव पाडण्याच्या रीती एकापाठोपाठ येतात, आणि पुष्कळ विद्यार्थी त्यांना एकमेकांशी संबंध नसलेल्या चार रीती समजून पाठ करतात. प्रत्यक्षात या चारही गोष्टी एकाच समीकरणातून निघतात, आणि ते समीकरण प्राथमिक शाळेत शिकलेल्या भागाकाराचेच आहे: भाज्य = भाजक × भागाकार + बाकी. ४७ ला ६ ने भागल्यावर ४७ = ६ × ७ + ५ असे आपण लिहितो; बहुपदींच्या बाबतीतही हेच लिहायचे असते. बाकी शून्य आली तर भाजक हा भाज्याचा अवयव ठरतो. हे एक वाक्य ज्याला मनापासून पटले, त्याला पुढचे बहुतेक सारे स्वतःचे स्वतः शोधून काढता येते. म्हणून येथे प्रत्येक रीतीबरोबर तिचे कारणही दिले आहे.

हा लेख नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी, त्यांचा अभ्यास घेणाऱ्या पालकांसाठी आणि स्पर्धा परीक्षेच्या निमित्ताने पुन्हा बीजगणिताकडे वळलेल्या प्रौढ वाचकांसाठी आहे. बहुपदींची बेरीज, वजाबाकी व गुणाकार येतो आणि धन-ऋण चिन्हांचे नियम माहीत आहेत, एवढे गृहीत धरले आहे. चलासाठी सर्वत्र ‘क्ष’ हे अक्षर वापरले असून क्ष मधील बहुपदी प(क्ष) अशी लिहिली आहे. प(२) म्हणजे त्या बहुपदीत क्षच्या जागी २ ठेवल्यावर येणारी किंमत.

भागाकाराआधीची मांडणी

भागाकारातल्या निम्म्या चुका भागाकार सुरू होण्यापूर्वीच झालेल्या असतात. बहुपदी प्रथम प्रमाण रूपात, म्हणजे घातांकांच्या उतरत्या क्रमाने लिहावी, आणि मधला एखादा घातांक नसेल तर त्या जागी ० हा सहगुणक न विसरता मांडावा. उदाहरणार्थ, ३क्ष² − ४ + २क्ष³ ही बहुपदी प्रमाण रूपात २क्ष³ + ३क्ष² + ०क्ष − ४ अशी होते आणि तिचे सहगुणक रूप (२, ३, ०, −४) असे होते. सहगुणक रूपात पदाचा घातांक केवळ जागेवरून ओळखला जातो; त्यामुळे ते शून्य गाळले, तर (२, ३, −४) ही २क्ष² + ३क्ष − ४ ही अगदी वेगळी बहुपदी होते आणि पुढचे सगळे गणित चुकते. सहगुणकांची संख्या ही बहुपदीच्या कोटीपेक्षा, म्हणजे तिच्यातील चलाच्या सर्वांत मोठ्या घातांकापेक्षा, नेहमी एकने जास्त असते. तिसऱ्या कोटीची बहुपदी असेल तर चार सहगुणक मांडले आहेत ना, हे मोजून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

भागाकार कोठे थांबवायचा, हेही आधी स्पष्ट असावे. संख्यांच्या भागाकारात बाकी भाजकापेक्षा लहान असते. बहुपदींच्या भागाकारात बाकीची कोटी भाजकाच्या कोटीपेक्षा कमी असते, किंवा बाकी शून्य असते. त्यामुळे भाजक क्ष + २ सारखा रेषीय असेल, तर बाकीत क्ष उरतच नाही, केवळ एक संख्या उरते. शेष सिद्धांताचा सगळा भार या साध्या गोष्टीवर आहे.

रेषीय पद्धत

संश्लेषक भागाकार अधिक जलद होतो हे खरे, तरी नव्याने शिकणाऱ्याने आधी रेषीय पद्धतीने काही उदाहरणे सोडवावीत असे माझे मत आहे, कारण तिच्यात प्रत्येक पायरीला मूळ बहुपदी डोळ्यांसमोर राहते. वरचीच बहुपदी क्ष + २ ने भागू. प्रत्येक वेळी उरलेल्या भागातील सर्वांत मोठ्या घाताचे पद पाहायचे, भाजकाला कशाने गुणले असता ते पद मिळेल हे ठरवायचे, आणि गुणाकारात जे जास्तीचे आले ते लगेच वजा करायचे.

२क्ष³ + ३क्ष² − ४
= २क्ष²(क्ष + २) − ४क्ष² + ३क्ष² − ४
= २क्ष²(क्ष + २) − क्ष² − ४
= २क्ष²(क्ष + २) − क्ष(क्ष + २) + २क्ष − ४
= २क्ष²(क्ष + २) − क्ष(क्ष + २) + २(क्ष + २) − ४ − ४
= (क्ष + २)(२क्ष² − क्ष + २) − ८

म्हणून भागाकार २क्ष² − क्ष + २ आणि बाकी −८. येथे दुसऱ्या ओळीकडे नीट पाहावे. २क्ष²(क्ष + २) या गुणाकारात २क्ष³ बरोबर ४क्ष² हेही पद आले. ते मूळ बहुपदीत नव्हते, म्हणून लगेच −४क्ष² लिहून त्याची भरपाई केली. अशा प्रकारे प्रत्येक ओळीची किंमत पहिल्या ओळीएवढीच राहते. कोठे शंका आलीच, तर क्षच्या जागी १ ठेवून कोणत्याही दोन ओळींची तुलना करता येते. येथे पहिल्या ओळीची किंमत २ + ३ − ४ = १ आहे आणि शेवटच्या ओळीची ३ × ३ − ८ = १ आहे.

संश्लेषक भागाकार

वरच्या कृतीत क्षचे घात वारंवार लिहावे लागले, परंतु खरे काम सहगुणकांवरच झाले. तेवढेच काम वेगळे काढले की संश्लेषक भागाकार मिळतो. भाजक क्ष + २ आहे; त्याची किंमत शून्य करणारी संख्या −२, ती डावीकडे लिहावी. मग भाज्याचे सहगुणक पहिल्या ओळीत लिहावेत. पहिला सहगुणक तसाच तिसऱ्या ओळीत उतरवावा, त्याला −२ ने गुणून गुणाकार पुढच्या सहगुणकाखाली दुसऱ्या ओळीत लिहावा, दोहोंची बेरीज तिसऱ्या ओळीत लिहावी, आणि हेच शेवटपर्यंत करत जावे.

पहिली ओळ: २, ३, ०, −४
दुसरी ओळ: (रिकामी), −४, २, −४
तिसरी ओळ: २, −१, २, −८

तिसऱ्या ओळीतील शेवटची संख्या −८ ही बाकी, आणि तिच्या आधीचे २, −१, २ हे भागाकाराचे सहगुणक. भागाकाराची कोटी भाज्याच्या कोटीपेक्षा एकने कमी असल्यामुळे तो २क्ष² − क्ष + २ असा वाचायचा. रेषीय पद्धतीने आलेले उत्तर हेच होते.

या रीतीत चिन्हाची चूक सर्वांत जास्त होते. भाजक क्ष + २ असताना डावीकडे −२ आणि भाजक क्ष − ५ असताना डावीकडे ५ लिहायचे असतात. ‘चिन्ह उलटे करा’ असे पाठ करण्यापेक्षा ‘भाजक शून्य करणारी संख्या लिहा’ असे लक्षात ठेवावे, कारण भाजक २क्ष − १ असा असला तरीही हा नियम उपयोगी पडतो. तेथे डावीकडे १/२ येते. मात्र १/२ घेऊन केलेला संश्लेषक भागाकार हा प्रत्यक्षात क्ष − १/२ ने केलेला असतो. २क्ष − १ हा त्याच्या दुप्पट आहे, म्हणून येणाऱ्या भागाकाराला शेवटी २ ने भागावे लागते. बाकी मात्र तीच राहते. ६क्ष³ + क्ष² − ४क्ष + १ ला २क्ष − १ ने भागताना तिसरी ओळ ६, ४, −२, ० अशी येते. भागाकार ६क्ष² + ४क्ष − २ ला २ ने भागले की ३क्ष² + २क्ष − १ मिळतो. बाकी शून्य आहे, म्हणून २क्ष − १ हा अवयव आहे. आणि ३क्ष² + २क्ष − १ चे पुढे (३क्ष − १)(क्ष + १) असे अवयव पडतात. म्हणजे मूळ बहुपदी (२क्ष − १)(३क्ष − १)(क्ष + १) झाली.

या रीतीला इटली आणि स्पेनमध्ये इटालियन गणिती पाओलो रुफिनी यांचे नाव आहे, तर इंग्रजी परंपरेत तिचा संबंध विल्यम जॉर्ज हॉर्नर यांच्याशी जोडला जातो. रुफिनी यांचे लेखन १८०४ चे आणि हॉर्नर यांचा निबंध १८१९ चा आहे; परंतु सहगुणकांवरच्या अशाच मांडणीने मोठ्या घाताची समीकरणे सोडवणे चीनमध्ये छिन च्यु-शाओ यांच्या १२४७ च्या ग्रंथात आढळते. भागाकाराखेरीज बहुपदीची किंमत काढण्यासाठीही ही मांडणी वापरतात, आणि ते का चालते हे पुढच्या सिद्धांतावरून कळते.

शेष सिद्धांत

समजा प(क्ष) ला क्ष − अ ने भागले, भागाकार भ(क्ष) आला आणि बाकी श आली. भाजक रेषीय असल्यामुळे श ही केवळ संख्या आहे. तेव्हा क्षच्या प्रत्येक किमतीसाठी

प(क्ष) = (क्ष − अ) × भ(क्ष) + श

हे समीकरण खरे असते. ते प्रत्येक किमतीसाठी खरे आहे, तर आपल्या सोयीची किंमत आपण निवडू शकतो. क्ष = अ घेतले की पहिला कंस शून्य होतो, भागाकार काहीही असला तरी तो गुणाकार नाहीसा होतो, आणि प(अ) = श एवढेच उरते. म्हणजे प(क्ष) ला क्ष − अ ने भागल्यावर येणारी बाकी प(अ) एवढी असते. याहून अधिक सिद्धता लागत नाही.

वरच्या उदाहरणात प(−२) = २(−८) + ३(४) − ४ = −१६ + १२ − ४ = −८ येते, आणि बाकीही −८ च आली होती. या सिद्धांताचे सामर्थ्य मोठ्या घातांकांच्या वेळी विशेष जाणवते. क्ष¹⁰⁰ + ३ ला क्ष + १ ने भागून बाकी काढायला सांगितली, तर भागाकार मांडत बसणे व्यर्थ आहे; (−१)¹⁰⁰ + ३ = ४ हे उत्तर एका ओळीत मिळते.

बाकी दिलेली असताना अज्ञात सहगुणक काढण्याची उदाहरणे परीक्षेत नेहमी येतात. क्ष³ + कक्ष² − ५क्ष + १ ला क्ष − २ ने भागल्यावर बाकी ११ येत असेल, तर क ची किंमत किती? क्षच्या जागी २ ठेवून ८ + ४क − १० + १ = ११, म्हणून ४क = १२ आणि क = ३.

भाजक वर्ग बहुपदी असला तर काय करायचे, हा प्रश्न पुढे लगेच पडतो. समजा एका बहुपदीला क्ष − १ ने भागल्यावर बाकी ५ आणि क्ष − ३ ने भागल्यावर बाकी ११ येते. तर तिला (क्ष − १)(क्ष − ३) ने भागल्यावर बाकी किती येईल? बहुपदी आपल्याला दिलेलीही नाही, तरी उत्तर निघते. भाजकाची कोटी २ असल्यामुळे बाकीची कोटी जास्तीत जास्त १ असणार, म्हणून बाकी मक्ष + न अशी धरावी. मग प(क्ष) = (क्ष − १)(क्ष − ३) × भ(क्ष) + मक्ष + न. क्ष = १ घेतल्यास म + न = ५ आणि क्ष = ३ घेतल्यास ३म + न = ११ मिळते. यांवरून म = ३, न = २, आणि बाकी ३क्ष + २. येथेही मूळ समीकरण तेच आहे. भाजक शून्य करणाऱ्या संख्या दोन असल्यामुळे ते दोनदा वापरले, इतकाच फरक.

शेष सिद्धांताचे एक रूप आपण पाचवी-सहावीपासून वापरत आलो आहोत, आणि ते मुलांना आवर्जून दाखवावे. २९१८ ही संख्या म्हणजे २क्ष³ + ९क्ष² + क्ष + ८ या बहुपदीची क्ष = १० असतानाची किंमत आहे, आणि तेव्हा क्ष − १ म्हणजे ९. या बहुपदीला क्ष − १ ने भागल्यावर बाकी प(१), म्हणजे २ + ९ + १ + ८ = २० येते. हीच अंकांची बेरीज. २० हे ९ पेक्षा मोठे असल्याने पुन्हा ९ ने भागले की बाकी २ राहते, आणि २९१८ = ९ × ३२४ + २ हे खरेच आहे. अंकांच्या बेरजेला ९ ने भाग जातो का ते पाहण्याची कसोटी म्हणजे हाच सिद्धांत. तसेच क्ष + १ म्हणजे ११ असल्यामुळे प(−१) = −२ + ९ − १ + ८ = १४ वरून ११ ची कसोटी मिळते; १४ ला ११ ने भागून बाकी ३, आणि २९१८ = ११ × २६५ + ३.

अवयव सिद्धांत आणि योग्य संख्येचा शोध

शेष सिद्धांतात बाकी शून्य असल्याची स्थिती म्हणजेच अवयव सिद्धांत: प(अ) = ० असेल तर क्ष − अ हा प(क्ष) चा अवयव असतो, आणि क्ष − अ हा अवयव असेल तर प(अ) = ० असते. रने देकार्त यांनी १६३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भूमितीवरील ग्रंथात ही गोष्ट नोंदवली आहे. समीकरणाचे मूळ, म्हणजे बहुपदी शून्य करणारी क्षची किंमत, शोधणे आणि बहुपदीचा रेषीय अवयव शोधणे ही एकच कृती आहे, हे या सिद्धांताने ठरते.

आता खरा प्रश्न असा की अ म्हणून कोणती संख्या घेऊन पाहायची. अंदाजाने संख्या ठेवत राहिल्यास वेळ जातो आणि धीरही सुटतो. क्ष³ − ४क्ष² + क्ष + ६ ही बहुपदी घेऊ. अ हा पूर्णांक असून प(अ) = ० असेल, तर अ³ − ४अ² + अ = −६, म्हणजे अ(अ² − ४अ + १) = −६. डावीकडे अ ने भाग जातो, म्हणून उजवीकडेही जायला हवा. अर्थात अ हा ६ चा विभाजक असला पाहिजे. तेव्हा ±१, ±२, ±३, ±६ एवढ्याच संख्या तपासायच्या. अगणित संख्यांमधून शोध आठ संख्यांवर आला. पहिला सहगुणक १ नसेल आणि सर्व सहगुणक पूर्णांक असतील, तर अपूर्णांक मुळेही संभवतात. त्यांचा अंश स्थिर पदाचा विभाजक आणि छेद पहिल्या सहगुणकाचा विभाजक असतो. वरच्या ६क्ष³ + क्ष² − ४क्ष + १ मध्ये १/२ आणि १/३ ही मुळे याच नियमाने सापडली असती.

तपासणीचा क्रमही ठरवून घ्यावा. सर्व सहगुणकांची बेरीज शून्य असेल तर प(१) = ०, म्हणून क्ष − १ हा अवयव असतो. सम घातांच्या सहगुणकांची बेरीज (स्थिर पद यात धरावे) आणि विषम घातांच्या सहगुणकांची बेरीज समान असेल, तर क्ष + १ हा अवयव असतो. या दोन कसोट्या तोंडी होतात. आपल्या उदाहरणात सहगुणकांची एकूण बेरीज १ − ४ + १ + ६ = ४, म्हणून क्ष − १ अवयव नाही; परंतु सम घातांचे −४ + ६ = २ आणि विषम घातांचे १ + १ = २ समान आहेत, म्हणून क्ष + १ हा अवयव आहे. −१ घेऊन संश्लेषक भागाकार केल्यास तिसरी ओळ १, −५, ६, ० अशी येते. क्ष² − ५क्ष + ६ = (क्ष − २)(क्ष − ३), म्हणून

क्ष³ − ४क्ष² + क्ष + ६ = (क्ष + १)(क्ष − २)(क्ष − ३).

एक अवयव सापडल्यावर दुसऱ्या मुळासाठी मूळ बहुपदीत पुन्हा किमती ठेवत बसू नये; भागाकार करून कोटी कमी करावी आणि पुढचे काम त्या लहान बहुपदीवर करावे. तसेच सापडलेली संख्या लगेच बाद करू नये, कारण तोच अवयव दुसऱ्यांदाही येऊ शकतो. क्ष³ − ३क्ष − २ मध्ये −१ ठेवल्यास किंमत शून्य येते. भागाकार क्ष² − क्ष − २ आहे आणि त्यातही −१ ठेवल्यावर शून्यच येते, म्हणून उत्तर (क्ष + १)²(क्ष − २) असे आहे. आणखी एक सूचना: सर्व सहगुणक धन असतील, तर क्षच्या कोणत्याही धन किमतीला बहुपदी शून्य होऊ शकत नाही, म्हणून केवळ ऋण संख्या तपासाव्यात.

वर्ग त्रिपदी

तिसऱ्या कोटीची बहुपदी एकदा भागली की वर्ग त्रिपदी उरते, त्यामुळे तिचे अवयव पाडणे हातचे असले पाहिजे. ६क्ष² + ७क्ष − २० घेऊ. पहिला सहगुणक आणि स्थिर पद यांचा गुणाकार −१२०. ज्यांचा गुणाकार −१२० आणि बेरीज ७ आहे अशा संख्या १५ आणि −८.

६क्ष² + १५क्ष − ८क्ष − २०
= ३क्ष(२क्ष + ५) − ४(२क्ष + ५)
= (२क्ष + ५)(३क्ष − ४)

मधले पद असे का फोडायचे, हे (२क्ष + ५)(३क्ष − ४) हा गुणाकार सावकाश केल्यावर कळते. मधली दोन पदे −८क्ष आणि १५क्ष आहेत. −८ हा २ × (−४) आणि १५ हा ५ × ३. या दोहोंच्या गुणाकारात २, ३, ५, −४ या चारही संख्या येतात, आणि पहिला सहगुणक व स्थिर पद यांच्या गुणाकारातही, म्हणजे (२ × ३) × (५ × (−४)) मध्येही, त्याच चार संख्या असतात. दोन्ही गुणाकार समान असणे म्हणूनच अपरिहार्य आहे.

योग्य जोडी सापडत नसेल, तर ती मुळात आहे का हे आधी तपासावे. मधल्या सहगुणकाच्या वर्गातून पहिला सहगुणक व स्थिर पद यांच्या गुणाकाराची चौपट वजा केली की विवेचक मिळतो. येथे ४९ + ४८० = ५२९ = २३². सहगुणक पूर्णांक असताना विवेचक पूर्ण वर्ग असेल तर मधले पद पूर्णांकांत नक्की फोडता येते. तो धन असून पूर्ण वर्ग नसेल तर अवयवांत करणी येते; क्ष² − २ = (क्ष − √२)(क्ष + √२) हे त्याचे उदाहरण. तो ऋण असेल तर वास्तव संख्यांत रेषीय अवयव पडतच नाहीत, आणि तेथे थांबणे हेच बरोबर उत्तर असते. क्ष² + क्ष + १ चा विवेचक −३ आहे. तिच्याशी झगडण्यात अर्थ नाही.

मूळ नसले तरी अवयव असू शकतात

अवयव सिद्धांत शिकल्यानंतर एक गैरसमज हमखास होतो: कोणतीही संख्या ठेवून बहुपदी शून्य होत नसेल, तर तिचे अवयव पडत नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या कोटीच्या बहुपदींसाठी हे खरे आहे, कारण त्यांचे अवयव पडलेच तर त्यांपैकी निदान एक रेषीय असावा लागतो. चौथ्या कोटीपासून मात्र दोन वर्ग बहुपदींचा गुणाकारही संभवतो. क्ष⁴ + ४ ची किंमत क्षच्या कोणत्याही वास्तव किमतीला ४ पेक्षा कमी होत नाही, म्हणजे तिला वास्तव मूळ नाही. तरीही

क्ष⁴ + ४ = क्ष⁴ + ४क्ष² + ४ − ४क्ष²
= (क्ष² + २)² − (२क्ष)²
= (क्ष² + २क्ष + २)(क्ष² − २क्ष + २).

४क्ष² मिळवून लगेच वजा केल्यामुळे बहुपदी बदलली नाही, पण दोन वर्गांच्या वजाबाकीचे ओळखीचे रूप तयार झाले. अशा बहुपदींसाठी विस्तारसूत्रे पक्की असावी लागतात; तेथे संश्लेषक भागाकाराचा उपयोग नाही.

बहुपदीत दडलेले वर्ग रूप ओळखणे हेही याच जातीचे कौशल्य आहे. (क्ष + १)(क्ष + २)(क्ष + ३)(क्ष + ४) − २४ हे उदाहरण पाहा. चारही कंस सरळ गुणत सुटल्यास काम वाढते. पहिला कंस चौथ्याशी आणि दुसरा तिसऱ्याशी जोडला, तर (क्ष² + ५क्ष + ४) आणि (क्ष² + ५क्ष + ६) असे गुणाकार मिळतात, कारण १ + ४ आणि २ + ३ या बेरजा समान आहेत. क्ष² + ५क्ष = म मानू. मग (म + ४)(म + ६) − २४ = म² + १०म = म(म + १०), आणि म ची किंमत परत ठेवून उत्तर क्ष(क्ष + ५)(क्ष² + ५क्ष + १०) असे येते. शेवटच्या कंसाचा विवेचक २५ − ४० = −१५ आहे, म्हणून तेथे थांबायचे. म ची किंमत परत ठेवायला विसरणे ही येथील नेहमीची चूक आहे.

भास्कराचार्यांचे एक उदाहरण

घन बहुपदीचे एक सुंदर उदाहरण आपल्याच परंपरेत आहे. भास्कराचार्यांनी सुमारे ११५० मध्ये रचलेल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात असा प्रश्न येतो: एका राशीला बाराने गुणून त्यात तिचा घन मिळवला, तर ती बेरीज त्याच राशीच्या वर्गाची सहापट अधिक पस्तीस एवढी होते; ती राशी कोणती? जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे असलेल्या शिलालेखात, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. हे गणित त्या मठात शिकवले जात असेल, असे मानायला जागा आहे.

आजच्या मांडणीत क्ष³ + १२क्ष = ६क्ष² + ३५, म्हणजे क्ष³ − ६क्ष² + १२क्ष − ३५ = ०. आपल्या रीतीने पाहू. क्ष ऋण घेतला तर चारही पदे ऋण होतात, म्हणून ऋण मूळ असू शकत नाही. ३५ चे धन विभाजक १, ५, ७, ३५. प(१) = १ − ६ + १२ − ३५ = −२८. प(५) = १२५ − १५० + ६० − ३५ = ०. ५ घेऊन संश्लेषक भागाकार केल्यास तिसरी ओळ १, −१, ७, ० येते, म्हणून अवयव (क्ष − ५)(क्ष² − क्ष + ७). दुसऱ्या कंसाचा विवेचक १ − २८ = −२७ ऋण आहे; म्हणजे वास्तव संख्यांत ५ हे एकच उत्तर आहे.

भास्कराचार्यांची रीत वेगळी होती आणि ती या विशिष्ट समीकरणाला अधिक शोभते. दोन्ही बाजूंतून ६क्ष² आणि ८ वजा केले की डावीकडे क्ष³ − ६क्ष² + १२क्ष − ८, म्हणजे पूर्ण घन (क्ष − २)³, आणि उजवीकडे २७ उरतात. म्हणून क्ष − २ = ३ आणि क्ष = ५. विभाजक तपासण्याची रीत पूर्णांक मुळे असलेल्या सर्व बहुपदींना लागू पडते, पण सहगुणकांकडे क्षणभर निरखून पाहणाऱ्याला अशी जवळची वाटही दिसते. १, ६, १२, ८ हे सहगुणक दिसताच घनाचे विस्तारसूत्र आठवले पाहिजे, आणि ते सरावानेच होते.

कोणत्या क्रमाने विचार करावा

नवी बहुपदी समोर आली की सर्वांत आधी सर्व पदांतील सामाईक अवयव बाहेर काढावा. हे न केल्यास पुढचे आकडे विनाकारण मोठे होतात, आणि स्थिर पद नसलेल्या बहुपदीत तर क्ष हाच अवयव समोर असतो. त्यानंतर पदांची संख्या पाहावी. दोन पदे असल्यास वर्गांची वजाबाकी किंवा घनांची बेरीज-वजाबाकी, तीन असल्यास वर्ग त्रिपदी किंवा तिचे दडलेले रूप, चार असल्यास दोन-दोनचे गट करून सामाईक कंस निघतो का ते पाहावे. यांपैकी काहीच लागू पडले नाही, तर अवयव सिद्धांताकडे वळावे. पुष्कळ जण याच्या उलट क्रमाने जातात आणि क्ष³ − ८ सारख्या बहुपदीतही संख्या ठेवून पाहत बसतात.

उत्तर आल्यावर पडताळा घ्यावा, आणि त्यासाठी सर्व गुणाकार पुन्हा करण्याची गरज नसते. सर्व अवयवांतील पहिल्या सहगुणकांचा गुणाकार मूळ बहुपदीच्या पहिल्या सहगुणकाएवढा आणि स्थिर पदांचा गुणाकार मूळ स्थिर पदाएवढा आला पाहिजे. त्याबरोबर अवयवांपैकी कोणतेही मूळ नसलेली एखादी संख्या दोन्ही बाजूंना ठेवून किमती जुळतात का ते पाहावे. (क्ष + १)(क्ष − २)(क्ष − ३) मध्ये क्ष = १ ठेवल्यास २ × (−१) × (−२) = ४ येते, आणि मूळ बहुपदीच्या सहगुणकांची बेरीजही ४ च होती. ही तपासणी चुकीचे प्रत्येक उत्तर पकडेलच असे नाही, पण चिन्हांच्या बहुतेक चुका तिच्यात सापडतात.

परीक्षेत उत्तर लिहिताना ‘शेष सिद्धांतानुसार’ किंवा ‘अवयव सिद्धांतानुसार’ हे शब्द योग्य ठिकाणी लिहावेत, भाजक शून्य करणारी संख्या कोणती घेतली ते नमूद करावे, आणि संश्लेषक भागाकारानंतर भागाकार व बाकी वेगळ्या ओळींवर स्पष्टपणे मांडावेत. केवळ तिसरी ओळ लिहून सोडून दिल्यास तिचा अर्थ तपासणाऱ्याला लावावा लागतो.

सरावासाठी

पुढील उदाहरणे उत्तर न पाहता सोडवावीत.

१. क्ष³ − २क्ष² − ५क्ष + ६ चे अवयव पाडा.
२. २क्ष³ + क्ष² − १३क्ष + ६ चे अवयव पाडा.
३. क्ष⁴ + क्ष² + १ चे अवयव पाडा. येथे संख्या ठेवून पाहण्याचा उपयोग होणार नाही. क्ष² मिळवून वजा करा.
४. क्ष³ + अक्ष² + बक्ष − ६ ला क्ष − १ आणि क्ष − २ या दोहोंनी निःशेष भाग जातो; अ आणि ब काढा आणि तिसरा अवयव सांगा.

उत्तरे: पहिल्याचे (क्ष − १)(क्ष + २)(क्ष − ३). दुसऱ्याचे (क्ष − २)(क्ष + ३)(२क्ष − १). तिसऱ्याचे (क्ष² + क्ष + १)(क्ष² − क्ष + १). चौथ्यात अ + ब = ५ आणि २अ + ब = −१ अशी दोन समीकरणे मिळतात, म्हणून अ = −६, ब = ११; तिसरा अवयव क्ष − ३, आणि तो भागाकार न करता, तिन्ही अवयवांतील स्थिर पदांचा गुणाकार −६ असला पाहिजे एवढ्यावरूनच सांगता येतो.